सज्ज्यावरचे पारवे



आज ज्या पक्ष्याविषयी मी बोलणार आहे, तो पाहण्यासाठी रानात जावे लागत नाही, दुर्बीण लागत नाही, की पहाटे उठून पाणवठ्यावर दबा धरून बसावे लागत नाही. तो आपण होऊन तुमच्या घरी येतो. सज्ज्याच्या कठड्यावर बसतो, मान तिरपी करून आत डोकावतो, आणि आत कोणी ओरडणारे नाही अशी खात्री झाली म्हणजे खुशाल घुमू लागतो. दुपारच्या निवांत वेळी त्याचे ते घुमणे ऐकले नाही असे घर आज सटाण्यासारख्या तालुक्याच्या गावीही सापडणे कठीण. हा पक्षी म्हणजे पारवा.

पण मौज अशी की, जी वस्तू फार जवळ असते ती आपण पाहत नाही. पारव्याला दाणे टाकणारी माणसे पुष्कळ आहेत. त्याच्या घाणीला कंटाळून काठी घेऊन धावणारीही पुष्कळ आहेत. पण त्याच्याकडे पाहणारी माणसे फार थोडी. दाणे टाकणाराही दाणे टाकून आत निघून जातो आणि हाकलणाराही हाकलून आत जातो. दोघांच्याही वाट्याला पारवा येतो तो अर्धाच. म्हणून आज माझे सांगणे थोडक्यात असे आहे की, आधी पाहावे आणि मग द्यावे. पाहिल्याशिवाय दिलेले दान कधी कधी घेणाऱ्याच्याही कामी येत नाही आणि शेजाऱ्याला मात्र जाचक होते. हे कसे, ते आता पाहू.

प्रथम त्याच्या नावाकडे वळू. संस्कृतात त्याला कपोत म्हणतात आणि पारावतही म्हणतात. या पारावत शब्दावरूनच आपला पारवा आला. कबूतर हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि तोही आता पुरता मराठी झाला आहे. पारवा हे नाव तर आपण एका रंगालाही देऊन टाकले. लुगड्याच्या दुकानात बाई ‘पारव्या रंगाचे दाखवा’ म्हणाली, की दुकानदार नेमके ते निळसर राखी वस्त्र काढतो. ज्या पक्ष्याच्या अंगावरून भाषेने रंगाचे नाव घेतले, त्याच्याकडे आपल्या आजी-पणजींनी चांगले निरखून पाहिले असले पाहिजे, यात शंका नाही.

हा पारवा मुळचा कुठला? झाडावरचा नव्हे. हे पहिले पाहण्याजोगे आहे. पारवा आंब्या-लिंबाच्या फांदीवर घरटे करीत नाही. तो कड्याचा पक्षी आहे. आपल्या बागलाणात कड्यांना काय तोटा! मुल्हेर आहे, सालोटा आहे, आणि महाराष्ट्रातला सर्वांत उंच डोंगरी किल्ला जो साल्हेर, तो तर १,५६७ मीटर उंचीचा आहे. १६७२ साली मराठ्यांनी मोगलांच्या फौजेला ज्याच्या पायथ्याशी धूळ चारली, आणि २०२५ साली ज्याचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, तोच हा साल्हेर. असल्या ताशीव कड्यांच्या कपारी हे पारव्याचे मूळ घर. कपारीत ऊन-पावसापासून आडोसा असतो, साप आणि मुंगूस सहसा पोचत नाहीत, आणि समोर उड्डाणाला मोकळे आकाश असते.

तिथून तो गावात आला, त्यालाही फार काळ लोटला. गावात त्याने काय शोधले? कडाच शोधला. जुन्या विहिरीत वाकून पाहिलेले ज्याला आठवत असेल, त्याला दगडांच्या बांधकामातील भोकांतून फडफड करीत वर येणारे पारवे आठवतील. विहीर म्हणजे पारव्याच्या दृष्टीने जमिनीत उतरलेला कडाच. बारवा, गढ्यांचे बुरूज, देवळांची शिखरे, पुलाच्या कमानी या सगळ्या त्याच्या कपारी. पुढे विहिरी बुजल्या, काहींवर जाळ्या बसल्या, पाणी विंधनविहिरीतून येऊ लागले. मातीची घरे आणि धाब्याची माळवदे जाऊन सिमेंटची दोन-तीन मजली घरे उभी राहिली. त्या घरांना सज्जे आले, गॅलऱ्या आल्या, खिडक्यांवर स्लॅबच्या पट्ट्या आल्या, पाण्याच्या टाक्या आल्या. आपण म्हणतो, पारवे आमच्या घरात घुसले. पारव्याचे म्हणणे असे की, तुम्ही माझ्यासाठी गावभर कडे बांधलेत, मी आपला राहायला आलो. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे.

आता तो सज्ज्यावर बसला आहे असे धरा आणि जरा स्थिर बसून त्याला पाहा. राखी अंग, पंखावर दोन काळे पट्टे, लाल पाय, आणि मानेवर ती हिरवी-जांभळी झळाळी. ती झळाळी रंगाची नव्हे, पिसांच्या बारीक रचनेवरून उजेड परतण्याची आहे. म्हणून पारव्याने मान वळवली की हिरव्याचे जांभळे होते. थव्यात सगळेच असे नसतात. कोणी काळे, कोणी तांबूस, कोणी ठिपक्यांचे, एखादे पांढरे. माणसाने हजारो वर्षे पाळून, निवडून, जोड्या लावून जे रंग काढले, ते पळालेल्या पाळीव पारव्यांबरोबर थव्यात मिसळले आहेत. चार्ल्स डार्विनने याच गोष्टीवर बोट ठेवले. १८५९ साली त्याचा ‘जातींचा उगम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच्या पहिल्याच प्रकरणात पारव्यांचा विचार आहे. इतक्या नाना तऱ्हांची पाळीव कबुतरे एकाच रानपारव्यापासून निघाली, हे दाखवून त्याने आपल्या मोठ्या सिद्धान्ताचा पाया घातला. त्यासाठी तो स्वतः कबुतरे पाळीत होता. जगाचा विचार बदलणाऱ्या ग्रंथाचा आरंभ अशा घरगुती पक्ष्याने व्हावा, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

सज्ज्यात पाण्याचे भांडे असेल तर तिथेही एक नवल दिसेल. कोंबडी पाणी कशी पिते? चोच बुडवते, मान वर करते, आणि पाणी घशात उतरू देते. चिमणीही तसेच करते. पारवा तसे करीत नाही. तो चोच पाण्यात घालतो ती घालूनच ठेवतो आणि गाई-बैलांप्रमाणे सरळ ओढून पितो. पक्ष्यांत ही रीत फार थोड्यांची आहे.

नर-मादी रूपाने जवळजवळ सारखीच, पण वागण्यावरून नर चटकन ओळखू येतो. तो गळा फुगवतो, शेपूट पसरून जमिनीला घासतो, वाकून वाकून गोल फिरतो आणि घुमतो. मादी बहुधा काहीच न घडल्यासारखी दाणे टिपत असते. जोडी जमली म्हणजे मादी आपली चोच नराच्या चोचीत घालते. एकदा जमलेली जोडी सहसा मोडत नाही.

त्यांचे घरटे मात्र पाहण्यासारखे नाही, असे म्हणण्यापेक्षा ते पाहून हसू येते असेच म्हणावे. सुगरणीच्या गावात हा अगदी अडाणी गवंडी. चार काड्या, एखादी वाळकी मुळी, कधी तारेचा तुकडा, एवढ्यावर संसार. नर एकेक काडी आणून देतो, मादी ती अंगाखाली सारते. पण त्या काड्यांवर जे घडते ते मोठ्या मोलाचे. मादी दोन पांढरी अंडी घालते. ती सतरा-अठरा दिवस उबवायची असतात, आणि ते काम दोघे वाटून घेतात. साधारण सकाळी नऊ-दहा वाजल्यापासून दुपार कलेपर्यंत नर बसतो; उरलेला वेळ आणि सगळी रात्र मादी. घड्याळ न पाहता पाळी इतकी नेमकी बदलते की, कारखान्यातील पाळ्यांनीही धडा घ्यावा.

पिल्लू बाहेर आले म्हणजे खरे आश्चर्य सुरू होते. दाणे खाणाऱ्या बहुतेक पाखरांना पिल्लांसाठी किडे शोधावे लागतात, कारण कोवळ्या जिवाला नुसते धान्य पचत नाही. पारव्याला ती वणवण नाही. त्याच्या गळ्यात दाणे साठवण्याची जी पिशवी असते, तिच्या अस्तरातून दह्याच्या चोथ्यासारखा एक पदार्थ तयार होतो. त्यात प्रथिने व स्निग्धांश भरपूर असतात. यालाच पारव्याचे दूध म्हणतात. पहिले काही दिवस पिल्लू यावरच वाढते. आणि लक्षात घ्या, हे दूध आईला येते तसेच बापालाही येते! अमेरिकेतील ऑस्कर रिडल या शास्त्रज्ञाने पारव्यांच्या याच पिशवीवर प्रयोग केले आणि १९३३ च्या सुमारास दूध उतरवणाऱ्या द्रव्याला प्रोलॅक्टिन हे नाव दिले. आपल्या आया-बहिणींच्या अंगी दूध उतरवणारे द्रव्यही तेच.

या दुधात पुढची एक मेख आहे, तीही आत्ताच सांगून ठेवतो. पिल्लांसाठी किडे शोधायचे नाहीत, म्हणून पारव्याला ऋतूची वाट पाहावी लागत नाही. जोवर आई-बापांना दाणा मिळतो तोवर दूध होते, आणि दूध होते तोवर पिल्ले वाढवता येतात. दाणा बारमाही असला की वीणही बारमाही. वर्षातून पाच-सहा वेळादेखील एक जोडी अंडी घालू शकते.

‘पारव्याचे पिल्लू आम्ही कधी पाहिले नाही’ असे कित्येक जण म्हणतात. त्याचे कारण हेच की, पिल्लू जवळजवळ महिनाभर घरट्यातच राहते आणि आई-बापांएवढे होऊनच बाहेर पडते. थव्यात पाहून ते ओळखायचे तर त्याची मान पाहावी. तिच्यावर ती हिरवी-जांभळी झळाळी अजून चढलेली नसते.

हा पक्षी बावळट दिसतो, पण बावळट नाही. फ्रान्समधील संशोधकांनी पॅरिसच्या एका उद्यानात प्रयोग केला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. बांध्याने सारख्या दोन बाया वेगवेगळ्या रंगांचे झगे घालून दाणे टाकीत. एक शांत उभी राही, दुसरी पारव्यांना हुसकून लावी. पुढे दोघीही शांत राहिल्या, तरी पारवे हुसकावणारीला टाळू लागले. मग दोघींनी झगे बदलले. तरी पारवे फसले नाहीत! म्हणजे तुमच्या घरात दाणे कोण टाकते आणि काठी कोण उगारते, हे त्यांना माहीत असते. जपानमध्ये वातानाबे नावाच्या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवले की, शिकवले तर पारवे मोने आणि पिकासो या दोन चित्रकारांची चित्रे वेगळी ओळखू शकतात. आणि वाट लक्षात ठेवण्याची त्यांची कीर्ती तर जुनीच आहे. आपल्या देशातच ओडिशा पोलिसांनी १९४६ साली कोरापुटच्या डोंगराळ भागात कबुतरांचे टपाल सुरू केले, आणि १९८२ च्या महापुरात तारा तुटल्या तेव्हा या टपालाने काम दिले.

आपल्या जुन्या वाङ्मयाला हा पक्षी फार प्रिय. पंचतंत्रातील चित्रग्रीव नावाचा कपोतराजा आपल्या थव्यासकट जाळे घेऊन उडाला, ही गोष्ट शाळेत कोणी ऐकली नाही? चित्रग्रीव म्हणजे ज्याची मान चित्रविचित्र आहे असा. हेच नाव घेऊन धनगोपाल मुखर्जी या भारतीय लेखकाने इंग्रजीत एका कबुतराची कथा लिहिली आणि १९२८ साली अमेरिकेतील बालवाङ्मयाचे न्यूबेरी पदक मिळवले. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले, त्यांत कपोत एक आहे. पिल्ले जाळ्यात सापडली म्हणून मादी गेली, मादी गेली म्हणून नरही जाळ्यात पडला. अवधूत त्यातून आसक्तीचा धडा घेतो. नाथमहाराजांच्या भागवतामुळे ही कथा आपल्या खेड्यापाड्यांत पोचली. आपण त्यातला उपदेश घ्यावाच, पण आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याने ही कथा रचली त्याने पारव्यांचा जोडीने चाललेला संसार डोळ्यांनी पाहिला होता. त्याशिवाय गुरू म्हणून नेमका हाच पक्षी त्याला सुचला नसता.

आता दाण्यांच्या प्रश्नाकडे वळतो.

पाखरांना दाणे घालणे ही आपली जुनी रीत आहे आणि ती चांगली रीत आहे. खळ्यावर मळणी झाली की चार दाणे पाखरांसाठी राहू द्यायचे, ही शेतकऱ्याची वृत्ती. तिच्याविरुद्ध मी एक अक्षरही बोलणार नाही. पण खळ्यावरचे चार दाणे आणि गॅलरीत रोज ओतलेले किलोभर धान्य यांत फरक आहे. खळे सुगीपुरते असते. गॅलरी बारमाही असते. आणि बारमाही दाण्याचा अर्थ काय, तो मघाशी सांगितलाच. तुम्ही आज दहा पारव्यांना पोसता, ते पुढच्या वर्षी चाळीस होऊन येतात. तुमचे पुण्य चौपट झाले असे तुम्हाला वाटेल. पण ते चाळीस जण बसतात कुठे, घरटी करतात कुठे, आणि त्यांची विष्ठा पडते कुठे? ती शेजाऱ्याच्या सज्ज्यात, खालच्या मजल्यावरच्या खिडकीत, आणि शाळेच्या पत्र्यावर.

ही केवळ घाणीची तक्रार नाही. पारव्याची विष्ठा वाळते, तिची आणि पिसांची बारीक धूळ होते, ती वाऱ्याने उडते. काही माणसांच्या फुप्फुसांना ही धूळ सोसत नाही. महिनोन्‌महिने ती श्वासावाटे जात राहिली की, आधी कोरडा खोकला, मग जिना चढताना दम लागणे, कधी बारीक ताप, आणि दुर्लक्ष झाले तर फुप्फुसाचा मऊ भाग कायमचा निबर होतो. १९६५ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी कबुतरे पाळणाऱ्या लोकांत हा विकार ओळखून त्याचे वर्णन केले. शेतकरी श्रोत्यांना याचा एक भाऊबंद माहीत असेल. भिजून बुरसलेला चारा किंवा भुसा उपसताना उडणाऱ्या धुळीने असाच दम लागतो. जात एकच, धूळ वेगळी. शिवाय जुन्या साचलेल्या विष्ठेत एक बुरशी वाढते. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच खचलेली आहे, त्यांना ती मेंदूज्वरासारख्या दुखण्यापर्यंत नेऊ शकते. हा त्रास प्रत्येकाला होईल असे नाही. धडधाकट माणसाला बहुधा काहीच होत नाही, आणि म्हणूनच दाणे टाकणाऱ्याला दुसऱ्याचा खोकला खरा वाटत नाही. अडचण इथेच आहे.

मुंबईत ही अडचण रस्त्यावर आली. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने विधिमंडळात मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याचे सांगितले. ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला, तेव्हा लोकांनी जमून ती ताडपत्री ओढून काढली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. एका बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांची भूतदयेची श्रद्धा, दुसऱ्या बाजूला दम लागलेली माणसे. यात कोणी एक बाजू दुष्ट आहे असे मला वाटत नाही. पण जी गोष्ट महानगरात आज भांडणाची झाली, ती उद्या सटाण्याच्या गल्लीत होऊ नये, यासाठी आपण आत्ताच विचार करावा हे बरे.

मग पारवे मारावेत काय? मुळीच नाही. आणि दयेचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तरी त्याचा उपयोगही नाही. स्वित्झर्लंडमधील बाझल शहराने हा प्रयोग करून पाहिला आहे. १९६१ ते १९८५ या काळात तिथे सुमारे एक लाख पारवे मारले गेले, तरी शहरातली संख्या वीस हजारांच्या आसपास ती तशीच! जितके मारले तितके नवे भरून आले, कारण दाणा तितकाच होता. पुढे १९८८ साली त्यांनी लोकांना समजावण्याचा मार्ग घेतला. भरमसाट दाणे टाकल्याने पारव्यांची दाटी होते, रोगराई होते आणि पिल्लांचे हाल होतात, हे पत्रके काढून, सभा घेऊन सांगितले. काही ठिकाणी देखरेखीखाली खुराडी ठेवली. पन्नास महिन्यांत संख्या निम्म्यावर आली. म्हणजे बंदुकीने जे झाले नाही ते आवरलेल्या हाताने झाले. मुठीतला दाणा ही पारव्यांच्या संख्येची किल्ली आहे.

इथे मला शिबी राजाची कथा आठवते. ससाण्याच्या भयाने कपोत त्याच्या मांडीवर येऊन बसला. ससाणा म्हणाला, माझे भक्ष्य मला दे. राजाने ससाण्यालाही उपाशी ठेवले नाही आणि कपोतालाही दिले नाही. तराजू आणवला आणि आपल्या अंगाचे मांस कापून पारड्यात घातले. या कथेचा सारा मोठेपणा ‘आपल्या अंगाचे’ या दोन शब्दांत आहे. शिबीने शेजाऱ्याचे मांस कापून पारड्यात घातले नाही. आपण गॅलरीतून दाणे ओततो आणि खालच्या मजल्यावरची दमेकरी म्हातारी रात्रभर उठून बसते, तेव्हा तराजूत कोणाचे मांस पडते, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आणि सटाण्याला तर दान कसे करावे हे बाहेरून शिकायला नको. १८७०-७१ च्या दुष्काळात इथले मामलेदार यशवंत महादेव भोसेकर यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला. लोकांनी त्यांना देवमामलेदार म्हटले, त्यांचे देऊळ बांधले, आणि मार्गशीर्षात आजही त्यांची यात्रा भरते. त्यांच्या दानात पाहण्याजोगे काय आहे? त्यांनी आधी पाहिले. कोण उपाशी आहे, किती उपाशी आहे, हे पाहिले, आणि जिथे भूक होती तिथे दिले. त्याची जोखीमही स्वतःच्या माथ्यावर घेतली. आता आपल्या पारव्याला विचारा, बाबा रे, तू उपाशी आहेस काय? बाजार समितीच्या आवारात सांडलेले धान्य, गच्च्यांवर वाळत घातलेला मका, किराणा दुकानांपुढचे दाणे, शिवारातली कापणी झालेली राने, एवढे सगळे त्याच्या पंखांच्या टप्प्यात असते. आपल्या गॅलरीवाचून तो मरत नाही.

तर मग करावे काय? चार साध्या गोष्टी सांगतो.

एक, दाणे घालायचेच असतील तर गॅलरीत, सज्ज्यात, दाट वस्तीत घालू नयेत. आपल्या मळ्यात, मोकळ्या जागेत, मूठभर आणि दहा मिनिटांत टिपून संपतील इतकेच घालावेत. बाजरी, ज्वारी, मका चालेल; शेव, फरसाण, शिळी पोळी नको. जे उरते ते उंदीर-घुशींचे जेवण होते.

दोन, चैत्र-वैशाखात दाण्यापेक्षा पाणी मोलाचे. पसरट मातीचे भांडे सावलीत ठेवावे आणि रोज धुऊन पाणी बदलावे.

तीन, सज्ज्यात घरटे नको असेल तर ते होण्याआधीच जाळी नीट ताणून बसवावी, सैल सोडू नये. सैल जाळीत पाखरू अडकून मरते. अंडी-पिल्ले झालीच असतील तर महिना-दीड महिना धीर धरावा. पिल्ले उडाली की जागा स्वच्छ करून जाळी लावावी. आणि साफ करताना कोरडा झाडू कधी मारू नये. आधी पाणी शिंपडून विष्ठा भिजवावी, नाका-तोंडाला फडके बांधावे, मग खरवडून काढावी. घरात दमेकरी असेल तर हे काम त्याला सांगू नये.

चार, पारव्यांच्या पायांकडे पाहा. पुष्कळांची बोटे तुटलेली दिसतील. दोरा, केस, मांजा पायाला गुंडाळतो, आवळत जातो आणि बोट गळून पडते. संक्रांतीला आपल्या नाशिक जिल्ह्यात, विशेषतः येवल्याकडे, पतंगांची केवढी धूम असते! नायलॉनच्या मांज्यावर बंदी आहे, ती पाळावी. आणि सण झाल्यावर तारांवर, झाडांवर लोंबणारा मांजा मुलांकडून गोळा करवून घ्यावा. किलोभर दाण्यांपेक्षा यात अधिक दया आहे.

आणखी एक सांगण्याजोगे. आपला राज्यपक्षी हरियाल, तोही पारव्याच्याच कुळातला. हिरवट-पिवळा, पिवळ्या पायांचा, देखणा. तो तुमच्या गॅलरीत कधी येणार नाही, कारण त्याला दाणे नकोत. त्याला वडा-पिंपळाची, उंबराची फळे हवीत. त्याला जेवू घालायचे तर झाड लावावे लागते आणि दहा-वीस वर्षे थांबावे लागते. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल २०२३ साली निघाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल सांगता आला, त्यांपैकी ६० टक्के जाती घटल्या आहेत, आणि वाढलेल्या मोजक्या पक्ष्यांत आपला पारवा आहे. म्हणजे ज्याचे ताट भरलेले आहे त्यालाच आपण पुन्हा वाढतो आहोत. बांधावर एक उंबर राखला, माळावरची बोर-बाभूळ तोडली नाही, तर ज्यांचे ताट खरोखर रिकामे आहे ती पाखरे जेवतील.

शिक्षक बंधुभगिनींनो, शेवटी तुमच्याशी दोन शब्द. निसर्ग शिकवायला सहलीचे पैसे लागतात असे आपण म्हणतो. पारव्याला पैसे लागत नाहीत. मुलांना एक वही करायला सांगा. रोज एकाच वेळी, समजा सकाळी साडेसातला, शाळेच्या पत्र्यावर बसलेले पारवे मोजायचे. राखी किती, काळे किती, ठिपक्यांचे किती, पांढरे किती. घुमणारा कोण, काडी नेणारा कोण. कोणाची बोटे तुटलेली आहेत. गावात किती विहिरींत अजून पारवे राहतात, हे आजोबांना विचारून लिहायचे. वर्षभराची अशी वही म्हणजे गणित आहे, भूगोल आहे, निबंध आहे आणि शास्त्रही आहे. तीन वर्षांच्या तीन वह्या झाल्या की, गावात पारवे वाढत आहेत की काय, याचे उत्तर कोणा साहेबाला विचारावे लागणार नाही. ते तुमच्या कपाटात असेल.

मूल एकदा असे पाहायला शिकले, की ते पारव्याला दगडही मारणार नाही आणि त्याच्यापुढे धान्याचे पोतेही रिकामे करणार नाही. त्याच्या हातून जे दिले जाईल ते बेताचे असेल, आणि योग्य जागी पडेल. पारवा घुमू लागला की उठून डबा उघडण्याऐवजी त्याला थोडा वेळ नुसते पाहत बसा, एवढीच माझी विनंती. आपल्या सज्ज्यावर बसून तो कड्यावरचा संसार कसा करतो, हे ज्याने पाहिले, त्याला द्यायचे काय आणि राखायचे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.